घरांत चालणारा कारकून बाहेर कां अडतो ?

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या तीन गांवांचा दिवस आगगाडीच्या वेळापत्रकानें ठरतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली उतारूंची पहिली गाडी ठाण्यास आली, आणि पुढल्याच वर्षीं, १८५४ सालीं, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोंचला. तेव्हांपासून या भागांतील कुटुंबांनीं आपलें जेवण, झोंप, मुलांची शाळा आणि वडीलधाऱ्यांचें औषधपाणी हें सारें गाडीच्या वेळेशीं जुळवून घेतलें आहे. अशा घरांत वांचलेल्या एका तासाचें मोल काय, हें सायंकाळीं ठाण्याच्या फलाटावर गर्दींत उभें राहिलेल्या माणसास निराळें सांगावयास नको. संगणकाकडून हा एक तास मिळवून घेण्याची युक्ति येथील पुष्कळ तरुण-तरुणी शोधीत असतात, यांत नवल नाहीं. त्या युक्तींपैकीं एकीविषयीं, आणि ती ऐन वेळीं दगा कां देते याविषयीं, चार उपयुक्त गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यांत यंत्रशास्त्रापेक्षां व्यवहारज्ञानाचाच भाग अधिक आहे. तेव्हां ज्यांस संगणकाची फारशी ओळख नाहीं अशा वाचकांनींहि पान उलटूं नये, अशी विनंति आहे.

यंत्राचा डोळा

तेंच तें काम वारंवार करावयाचें असेल, तर त्या कामाच्या आज्ञांची यादी एकदां लिहून ठेवावी आणि मग माऊस व कळफलक संगणकानें आपण होऊन चालवावा, या रीतीस पडद्याचें स्वयंचालन म्हणतात. त्या यादीस व्यवहारांत स्क्रिप्ट हेंच नांव रूढ आहे. ही कामगिरी करणारीं साधनें अनेक आहेत. विंडोजवरील ऑटोहॉटकी २००३ सालापासून प्रचारांत आहे. पायथॉन भाषा जाणणारे लोक पायऑटोगुई वापरतात. परंतु कल्पनेच्या दृष्टीनें सर्वांत मनोहर साधन म्हणजे सिकुली होय. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत टॉम ये, त्सुंग-ह्सियांग चँग आणि रॉबर्ट मिलर या तिघांनीं तें सिद्ध करून २००९ सालीं विद्वानांपुढें मांडलें. मेक्सिकोंतील हुइचोल लोकांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ 'देवाचा डोळा' असा सांगतात. पुढें रायमुंड होके यांनीं त्याची जोपासना केली आणि तें सिकुलीएक्स या नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

या साधनास बटण कोठें आहे हें आंकड्यांत सांगावें लागत नाहीं. बटणाचें लहानसें चित्र त्याच्या हवालीं करावयाचें. तें सबंध पडद्याचें छायाचित्र घेतें, त्यांत आपलें चित्र कोठें बसतें हें ताडून पाहतें, आणि सांपडल्यास त्या जागीं क्लिक करतें. साम्याचें माप शून्यापासून एकपर्यंत असून, आपण कांहीं न सांगितल्यास ०.७ इतकें साम्य पुरेसें मानलें जातें. वाट पाहण्याचीहि मर्यादा आहे. निराळी आज्ञा नसेल तर तें ३ सेकंद थांबतें, आणि तेवढ्या अवधींत चित्र न दिसल्यास 'सांपडलें नाहीं' अशी एका ओळीची तक्रार नोंदवून काम सोडून देतें.

आतां एक उदाहरण कल्पूं. डोंबिवलीस राहणारी एक मुलगी ठाण्यास नौपाड्यांत एका हिशेबतपासनिसांच्या कचेरींत काम करते. वस्तु व सेवा कराचीं विवरणपत्रें दरमहा भरणाऱ्या व्यापाऱ्यांस ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील आणि २० तारखेपर्यंत गोषवारा सादर करावा लागतो. त्यामुळें या दोन तारखांच्या आधींचे दिवस कचेरींत घाईचे. हिशेबाचें सॉफ्टवेअर जुनें. प्रत्येक अशिलाची विक्रीवही निराळी उघडावी, ठराविक चार बटणें दाबावीं आणि फाईल काढून घ्यावी, असा क्रम. चाळीस अशील असले म्हणजे हाच क्रम चाळीस वेळां. तिनें मोठ्या चिकाटीनें स्क्रिप्ट लिहिली, एडिटरमध्यें, म्हणजे ज्या खिडकींत स्क्रिप्ट लिहितात व तपासतात तेथें, ती तीनदां चालवून पाहिली, आणि तिन्ही वेळां काम बिनबोभाट झालें. मग पहाटे सहा वाजतां संगणकानें तें आपोआप करावें अशी टास्क शेड्यूलरमध्यें व्यवस्था केली आणि घरीं सांगितलें कीं, या महिन्यापासून आपणांस रात्रीं उशीर होणार नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कचेरींत येऊन पाहते तों फोल्डर रिकामा, आणि नोंदींत एकच ओळ: सांपडलें नाहीं. तिनें एडिटर उघडून बटण दाबलें, तर स्क्रिप्ट मुकाट्यानें चालूं लागली ! असा प्रसंग ज्यांच्यावर येतो ते बहुधा स्क्रिप्टच्या ओळी इकडच्या तिकडे करण्यास लागतात. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतला हा प्रकार होतो. जी यादी एका ठिकाणीं तीनदां बिनचूक चालली, तिच्या ओळींत दोष असण्याचा संभव थोडा. एडिटर तिला न मागतां कांहीं गोष्टी पुरवीत होता आणि बाहेर त्या पुरविणारें कोणी नव्हतें, एवढाच बहुतेक वेळां याचा अर्थ असतो. घरीं असेपर्यंत मुलास ताट वाढलेलें मिळतें, धुतलेले कपडे घडी करून ठेवलेले मिळतात; आपणांस काय काय मिळत होतें हें त्यास शिक्षणासाठीं परगांवीं गेल्यावर पहिल्या आठवड्यांत कळतें. स्क्रिप्टच्या बाबतींत ती यादी आपणांस करावयाची असते.

आधीं पाहावें, मग दुरुस्त करावें

पहिला नियम असा कीं, स्क्रिप्टनें अडतेवेळीं काय पाहिलें, हें आपण पाहावें. हातच्या कांकणाला आरसा कशाला ? स्क्रिप्टच्या आरंभींच तिला पडद्याचें एक छायाचित्र घेऊन ठेवण्यास सांगावें, आणि अडल्यास थांबण्यापूर्वीं दुसरें घेण्यास सांगावें. त्यासोबत चार गोष्टींची नोंदहि करावी: वेळ कोणती, काम कोणत्या फोल्डरांत उभें राहून चाललें आहे, कोणाच्या नांवानें चाललें आहे, आणि पडद्याची लांबीरुंदी किती. या सोयी वर सांगितलेल्या साधनांत आहेत आणि त्यांस पांचदहा ओळींहून अधिक लागत नाहीं. छायाचित्र काळें ठिक्कर असेल तर एक कारण, त्यांत दुसरीच खिडकी पुढें आलेली असेल तर दुसरें, बटण डोळ्यांस दिसत असून यंत्रास सांपडलें नसेल तर तिसरें. आणि छायाचित्रच निघालें नसेल, तर काम त्याच्याहि आधीं अडलें. अर्धा दिवस तर्क करण्यांत घालविण्यापेक्षां हें एक छायाचित्र अधिक सांगतें.

दुसरा नियम पायऱ्यांचा. एडिटरमधून थेट पहाटेच्या एकांतांत उडी मारूं नये. मध्यें निदान तीन पायऱ्या आहेत. प्रथम स्क्रिप्ट एडिटरमध्यें चालवावी. मग त्याच संगणकावर, आपण समोर बसून, कमांडच्या काळ्या खिडकींतून चालवावी. नंतर टास्क शेड्यूलरमध्यें जाऊन तेथील 'रन' दाबून चालवावी. पुढें पांच मिनिटांनंतरची वेळ लावून, हात न लावतां, पण समोर बसून पाहावी. आणि हें सर्व साधल्यावरच पडदा बंद करून निघून जावें. ज्या पायरीवर काम मोडतें तेथेंच पाणी मुरतें आहे, असें निश्चित समजावें. एका वेळीं दोन पायऱ्या चढणारा मनुष्य कोणत्या पायरीवर घसरला हें सांगूं शकत नाहीं.

पहिली पायरी : पत्ता आणि पुढें उभी राहिलेली खिडकी

एडिटर सोडून कमांडच्या खिडकींत आल्याबरोबर जें अडतें त्याचें सर्वांत सामान्य कारण पत्ता हें होय. डोंबिवलींत कोणी 'गणपतीच्या देवळासमोर या' म्हटलें, तर फडके रोडवर वाढलेल्या मुलास पुढचा प्रश्न पडत नाहीं. तेंच शब्द ठाण्यास तलावपाळीपाशीं उच्चारले तर 'कोणत्या ?' असें ऐकणारा विचारील. स्क्रिप्टमध्यें बटणाच्या चित्राचें नुसतें नांव लिहिलेलें असतें. तें चित्र कोठें आहे हें लिहिलेलें नसतें. एडिटर सहसा स्क्रिप्टच्या फोल्डरांतच उभा असतो, म्हणून त्यास तें शेजारीं सांपडतें. सिकुलीएक्स तर स्क्रिप्ट व तिचीं चित्रें एकाच फोल्डरांत बांधून ठेवतें. बाहेरून काम सुरू झालें कीं उभें राहण्याची जागा बदलते. टास्क शेड्यूलरमध्यें 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा सोडल्यास ती जागा बहुधा विंडोजचा सिस्टम३२ हा फोल्डर असते, आणि तेथें आपल्या बटणाचें चित्र असण्याचें कारण नाहीं. उपाय सरळ आहे. तो रकाना भरावा. आणि त्याहूनहि चांगलें म्हणजे चित्रांचा पूर्ण पत्ता स्क्रिप्टच्या आरंभींच सांगून ठेवावा. सिकुलीएक्समध्यें चित्रांचा मार्ग सांगण्याची स्वतंत्र आज्ञाच आहे.

दुसरें कारण भाषेचें. संगणकावर पायथॉनच्या दोन-तीन आवृत्त्या नांदत असतात. एडिटर एकीशीं बोलतो, कमांडची खिडकी दुसरीशीं. मग 'अमुक ग्रंथालय नाहीं' अशी तक्रार येते आणि आपण म्हणतों, परवांच तर बसविलें ! तें बसविलेलें असतें, पण शेजारच्या घरांत. सिकुलीएक्सचा एडिटर आपल्या सर्व आज्ञा स्क्रिप्टला आपण होऊन ओळखीच्या करून देतो. तीच फाईल दुसऱ्या साधनांतून चालविल्यास ती ओळख प्रारंभींच्या एका ओळीनें लेखी करून द्यावी लागते. कोणता पायथॉन किंवा कोणता जावा वापरावयाचा हेंहि पूर्ण पत्त्यासह लिहावें, म्हणजे हा घोटाळा उद्भवत नाहीं.

तिसरें कारण इतकें साधें आहे कीं तें सुचतच नाहीं. सिकुलीएक्सचा एडिटर काम सुरू होतांच स्वतःस लपवितो, म्हणून मागचा पडदा मोकळा होतो. कमांडची खिडकी मात्र आपल्या जागीं ठाण मांडून बसते, आणि नेमकें बटण तिच्या पाठीमागें जातें. यंत्र पडद्यावर जें दिसतें तेवढेंच पाहतें. मागें काय आहे हें त्यास कळत नाहीं. अशीच गोष्ट टंकनाची. अक्षरें पुढें असलेल्या खिडकीस मिळतात, मग ती आपल्या मनांतली असो वा नसो. म्हणून स्क्रिप्टनें प्रथम हिशेबाची खिडकी नांवानें पुढें आणावी, ती आली आहे याची खात्री करावी, आणि मगच हात चालवावा.

दुसरी पायरी : वेळापत्रकाचा नोकर

कमांडच्या खिडकींत चालणारी स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरमध्यें अडली, तर पत्त्याखालोखाल अधिकाराचा विचार करावा. २००७ सालीं सर्वांच्या हातीं आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे कीं, साध्या अधिकारानें चालणारें काम वरिष्ठ अधिकारानें उघडलेल्या खिडकीवर क्लिक करूं शकत नाहीं किंवा अक्षरें पाठवूं शकत नाहीं. घातकी प्रोग्रामांपासून बचाव व्हावा म्हणून केलेली ही तजवीज योग्यच आहे. परंतु आपण एडिटर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडला असेल आणि शेड्यूलरमध्यें साधें काम लाविलें असेल, तर त्याच तजविजीचा आपणांस अडथळा होतो. बटण सांपडतें, माऊस तेथें जातो, आणि कांहींच घडत नाहीं. हिशेबाचें सॉफ्टवेअर व स्क्रिप्ट या दोहोंचा अधिकार सारखा ठेवावा. आणि शक्य तर दोहोंचाहि साधाच ठेवावा.

याच पायरीवर आणखी एक खांच आहे. कचेरींतील सामायिक फाईली पुष्कळदां 'झेड' किंवा 'वाय' अशा अक्षराच्या ड्राइव्हवर दिसतात. तें अक्षर आपण लॉगिन केल्यावर आपल्यापुरतें जोडलेलें असतें. दुसऱ्या नांवानें किंवा दुसऱ्या अधिकारानें चालणाऱ्या कामास तें दिसेलच असा नेम नाहीं. अक्षराच्या जागीं सर्व्हरचें पूर्ण नांव लिहिल्यास ही अडचण टळते.

तिसरी पायरी : ज्या खोलींत पडदाच नाहीं

आतां आपल्या उदाहरणांतील मुलीच्या दुःखाचें मूळ बहुधा जेथें सांपडेल त्या पायरीकडे येऊं. टास्क शेड्यूलरमध्यें एक पर्याय असतो: 'वापरणारा लॉगिन असो वा नसो, काम चालवावें.' वाचतांना तो फार सोयीचा वाटतो, आणि तो निवडला कीं काम चालतेंहि. पण तें अशा खोलींत चालतें जेथें कोणी बसत नाहीं आणि जेथें आपला पडदा नाहीं. व्हिस्टापासूनच विंडोजनें पार्श्वभागीं चालणारीं कामें माणसाच्या पडद्यापासून तोडून स्वतंत्र सत्रांत ठेविलीं आहेत. फाईलींची नक्कल करणें, रात्रीं जतन करणें, अशा कामांस पडदा लागत नाहीं. तीं तेथें सुखानें होतात. ज्या कारकुनाचें सर्व काम डोळ्यांनीं पाहून करावयाचें, त्यास अंधाऱ्या कोठडींत बसवून उपयोग काय ? पडद्याच्या स्वयंचालनासाठीं 'वापरणारा लॉगिन असतांनाच चालवावें' हाच पर्याय निवडावा, आणि त्या वेळीं सत्र उघडें असेल अशी व्यवस्था करावी.

कुलूप लागलेल्या पडद्याचीहि हीच गत आहे. कुलपाच्या चित्रामागें हिशेबाची खिडकी असली तरी यंत्राच्या डोळ्यास ती दिसत नाहीं.

घरून काम करण्याची रीति रूढ झाल्यापासून यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. डोंबिवलीच्या घरीं बसून ठाण्याच्या कचेरींतील संगणक रिमोट डेस्कटॉपनें उघडावा, स्क्रिप्ट चालूं करावी, ती नीट चालते आहे असें पाहून खिडकी बंद करावी आणि स्वयंपाकास लागावें. तासाभरानें पाहावें तों काम मध्येंच थांबलेलें! दूरचा पडदा आपण पाहत होतों तोंपर्यंतच रंगविला जात होता. खिडकी बंद होतांच, आणि बहुधा ती खालीं दडविली तरीहि, पडदा रंगविण्याचें काम थांबतें आणि स्क्रिप्टच्या हातीं कोरें छायाचित्र येतें. म्हणजे येथें आपली नजर हाच स्क्रिप्टचा आधार होता. सत्र न तोडतां मूळ यंत्राच्या स्वतःच्या पडद्याकडे सोंपविण्याची 'टीएसकॉन' ही विंडोजची आज्ञा यावर वापरतात. परंतु तसें केल्यावर कचेरींतील पडदा उघडा राहतो, हें विसरतां कामा नये. ज्या खोलीस कुलूप आहे अशाच खोलींतील यंत्रावर हा उपाय योजावा, आणि वरिष्ठांची संमति घेऊन योजावा.

मॅक वापरणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, २०१९ सालच्या कॅटॅलिना आवृत्तीपासून पडदा पाहण्याची परवानगी प्रत्येक प्रोग्रामला निरनिराळी द्यावी लागते. ती एडिटरला दिलेली असते आणि टर्मिनलला दिलेली नसते. मग छायाचित्रांत मागची शोभेची भिंत तेवढी येते, खिडक्या गायब! माऊस हलविण्याची परवानगी याहून वेगळी. लिनक्सवर वेळापत्रकानें सुरू होणाऱ्या कामास कोणत्या पडद्यावर पाहावें हें आपणच सांगावें लागतें.

बटण दिसतें, तरी सांपडत नाहीं

इतकें करूनहि छायाचित्रांत बटण स्पष्ट दिसत असतां यंत्र 'नाहीं' म्हणत असेल, तर मापांत फरक पडला आहे असें समजावें. लॅपटॉपवर अक्षरें मोठीं दिसावींत म्हणून पडदा १२५ किंवा १५० टक्के केलेला असतो. कचेरींतील मोठ्या पडद्यावर तो १०० टक्के असतो. आपल्या डोळ्यास तेंच बटण दिसतें. यंत्रास मात्र त्याचा प्रत्येक ठिपका निराळा लागतो. रंगसंगति, अक्षरांचें वळण किंवा काळी सजावट बदलली तरी हाच परिणाम होतो. ज्या यंत्रावर व ज्या पडद्यावर काम चालावयाचें, त्याच ठिकाणीं चित्रें नव्यानें घ्यावीं, हा यावरचा खरा उपाय.

चित्रांऐवजीं जागेचे आंकडे देणारे लोक याहूनहि मोठ्या अडचणींत पडतात. रोजचा उतारू आपला डबा जेथें येतो त्या खांबापाशीं उभा राहतो. परंतु १२ डब्यांच्या गाडीचा खांब १५ डब्यांच्या गाडीस लागू पडत नाहीं. पडदा बदलला कीं आंकडे असेच चुकतात, आणि यंत्र तक्रार न करतां भलत्याच जागीं क्लिक करतें.

वेळेचाहि विचार करावा. एडिटरमध्यें तपासतांना हिशेबाचें सॉफ्टवेअर आधींच उघडलेलें, तापलेलें असतें. पहाटे यंत्र नुकतेंच जागें झालेलें असतें; व्हायरसतपासणी चालूं असते, नव्या आवृत्तीची सूचना मध्यें येऊन उभी राहते. तेथें ३ सेकंद पुरत नाहींत. 'दहा सेकंद थांब' असें सांगण्यापेक्षां 'अमुक चित्र दिसेपर्यंत, फार तर एक मिनिट, थांब' असें सांगणें शहाणपणाचें. त्यानें वेळहि वायां जात नाहीं आणि घाईहि होत नाहीं.

अडणें बरें, चुकणें वाईट

येथें एका मोहापासून वाचकांस सावध करावेंसें वाटतें. चित्र सांपडत नाहीं म्हणून साम्याचें माप ०.७ वरून ०.५ वर आणावें, असा सल्ला कोणीहि देईल, आणि त्यानें स्क्रिप्ट चालूंहि लागेल. पण 'जतन करा' आणि 'काढून टाका' हीं दोन बटणें एकाच मापाचीं, एकाच रंगाचीं, शेजारींशेजारीं असतात. अर्ध्या साम्यावर समाधान मानणारा डोळा एका दिवशीं त्यांतील फरक विसरेल. अडलेली स्क्रिप्ट आपला एक तास घेते. भलत्या जागीं चाललेली स्क्रिप्ट एखाद्या व्यापाऱ्याची वर्षाची वही बिघडविते, आणि तें उघडकीस येण्यास महिना लागतो. म्हणून माप सैल करण्याऐवजीं चित्र अधिक नेमकें घ्यावें, शोधावयाचा भाग पडद्याच्या एका कोपऱ्यापुरता मर्यादित करावा, आणि प्रत्येक क्लिकनंतर अपेक्षित तें दिसलें काय हें तपासून मगच पुढें जावें. काम संपल्यावर फाईली चाळीसच निघाल्या काय, हें स्क्रिप्टनेंच मोजून सांगावें. पायऑटोगुईमध्यें माऊस पडद्याच्या कोपऱ्यांत नेला कीं काम थांबतें; असा हातचा लगाम नेहमीं शाबूत ठेवावा. पैसे देण्याचें बटण आणि पासवर्ड या दोन गोष्टी तर स्क्रिप्टच्या हातीं कधींच देऊं नयेत.

कायद्याची मर्यादाहि लक्षांत असूं द्यावी. रेल्वेचीं तात्काळ तिकिटें यंत्रवेगानें मिळविणारें सॉफ्टवेअर केल्यावरून डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय अन्वेषण विभागानें आपल्याच एका प्रोग्रामरला अटक केली होती. गणपतीस कोंकणांत जाऊं इच्छिणाऱ्या किती कुटुंबांचीं तिकिटें अशा खटपटींपायीं हुकत असतील, याची कल्पना ठाण्याच्या वाचकांस सहज येईल. स्वतःचें काम हलकें करणें वेगळें आणि रांगेंतील दुसऱ्याचा हक्क हिरावणें वेगळें. ज्या संकेतस्थळानें यंत्राचा हात नको म्हटलें आहे, तेथें तो घालूं नये.

शेवटीं एक गोष्ट. पडद्यावर क्लिक करविणें हा खरें पाहतां आडमार्ग आहे. मागचें दार उघडें असेल तर खिडकींतून कशास शिरावें ? टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्यें माहिती फाईलीच्या रूपानें बाहेर देण्याच्या रीति आहेत. वस्तु व सेवा कराच्या विवरणपत्रांसाठीं सरकारनेंच विनामूल्य ऑफलाइन साधन दिलें आहे. अशी सोय असेल तेथें तीच वापरावी आणि जेथें दुसरा मार्गच नाहीं तेथें पडद्याकडे वळावें. आणि वळलों, तर आपली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या हातीं देतां येईल अशी लिहावी. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेनें बसविलेली संगणकीय कारभाराची पद्धत पुढें महाराष्ट्रांतील इतर नगरसंस्थांत नेण्यांत आली. जी पद्धत लेखी असते तीच अशी दुसऱ्या गांवीं नेतां येते. पडद्याचें माप किती, चित्रें कोठें, अधिकार कोणता, कोणत्या नांवानें चालवावें, अडल्यास छायाचित्र कोठें पाहावें, हें एका कागदावर लिहून यंत्राशेजारीं चिकटवून ठेवावें.

आमच्या उदाहरणांतील मुलीनें या पायऱ्या एकेक करून चढल्या, तर फार तर दोन सायंकाळी खर्ची पडतील. पहिल्या सायंकाळीं 'स्टार्ट इन'चा रकाना भरेल आणि काळी खिडकी बाजूस सारली जाईल. दुसऱ्या सायंकाळीं तो सोयीचा वाटणारा पर्याय बदलला जाईल, आणि पहाटे सत्र उघडें राहील अशी व्यवस्था वरिष्ठांस विचारून ठरेल. पुढच्या महिन्याच्या १० तारखेस सायंकाळीं ती वेळेवर गाडींत बसेल, आणि त्या तासांत मुलाचा अभ्यास घ्यावा, आईजवळ बसावें कीं स्वस्थ पडून एखादें पुस्तक वाचावें, हें तिचें तिलाच ठरवितां येईल.